फाटकापाशी विझलेली बिडी

नंदुरबारात ठसका लागला की माणूस आधी मिरचीला दोष देतो. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा फिरला की डोळे चुरचुरतात. दिवसभर देठं खुडणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या असतात. वर सातपुड्यात गेलं की धूर वेगळा. कुडाच्या घरात चूल पेटली की धूर आधी घरभर फिरतो आणि मग सावकाश कौलांतून वाट काढतो. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचा धूर, होळीचा धूर, थंडीत शेकोटीचा धूर. इथल्या माणसाचं धुराशी भांडण नाही. धूर दिसला म्हणजे घरात माणसं आहेत आणि चूल पेटलेली आहे, असंच तो लहानपणापासून समजत आलेला असतो.

अशा माणसाला रुग्णालयाच्या दारात ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी दाखवताना आपण त्याला नक्की काय सांगतो आहोत, याचा विचार आधी करायला हवा. मुळात ‘धूम्रपान’ हा शब्द तिथं कुणाच्या तोंडात नाही. माणसं बिडी ओढतात, बिडी फुकतात. तंबाखू मळतात, खातात, दाताला लावतात. पाटीवरचा संस्कृत शब्द या सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. पाटी मराठीत असते, आणि वाट बघत बसलेली आजी पावरी किंवा भिली बोलणारी, अक्षरओळख नसलेली असते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभर माणसांत ६९ आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी अशा अनेक समाजांचा हा मुलूख. २०२० साली इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिल्या वर्षाच्या १०० जागा मिळाल्या आणि जिल्हा रुग्णालय हे शिकवण्याचंही रुग्णालय झालं. हा बदल कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आवारात आता फक्त रुग्ण आणि डॉक्टर नाहीत. विद्यार्थी आहेत, वसतिगृह आहे, खानावळ आहे, रात्रपाळीचे निवासी डॉक्टर आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत. शिवाय नातेवाईक आहेत, आणि ते नेहमी संख्येनं सगळ्यांत जास्त असतात.

मोलगी किंवा धडगावच्या बाजूनं रुग्ण येतो तो एकटा येत नाही. पाड्यापर्यंत गाडी जात नसेल तर त्याला बांबूच्या झोळीत घालून चार माणसं डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. तिथून जीप किंवा १०८ ची गाडी. झोळी वाहणारे बहुतेकदा पुढंही बरोबर येतात, कारण परत जायला वाहन नसतं आणि आजाऱ्याला सोडून जाणं बरं दिसत नाही. मग पाच-सहा माणसं दोन-चार दिवस आवारातल्या झाडाखाली मुक्काम करतात. भाकरी बांधून आणलेली असते, एखादी घोंगडी असते, आणि कुणाच्या तरी पिशवीत बिडीचं बंडल असतं.

धूरमुक्त आवाराचं धोरण खरं तर या माणसांशी बोलतं. बहुतेक ठिकाणी ते लिहिताना मात्र डोळ्यांसमोर कुणीतरी वेगळाच असतो: टाय लावलेला, सिगारेटचं पाकीट खिशात असलेला, दंडाची पावती वाचून वाद घालणारा.

खानदेशातल्याच एका रुग्णालयात (नाव सांगत नाही) मी एका रात्री जिन्याच्या वळणावर बसलो होतो. माझी स्वतःची माणसं आत होती. शेजारी एक म्हातारेबाबा उकिडवे बसले होते. त्यांनी पिशवीतून बंडल काढलं, कागद न फाडता एक बिडी हळूच ओढून घेतली, बोटांत फिरवून दाबली, रुंद टोकात फुंकर मारली आणि पेटवून मुठीत झाकली. दोन झुरके झाले. मग ते आतल्या दाराकडं बघत राहिले आणि बिडी विझली. पुन्हा काडी ओढली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा काडी ओढायच्या आत रखवालदार आला. “ए बाबा, विझव ते. पाटी दिसत नाही का?” बाबांनी अर्धी बिडी कानामागं खोचली आणि तो गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, “सुनेला आत घेतलंय. मला आत जाऊ देत नाही. कोणी काही सांगत नाही. मग माणसानं काय करावं?”

मला उत्तर देता आलं नाही. आज हे प्रकरण लिहितानाही तो प्रश्न माझ्यासमोर आहे.

त्यांची बिडी सारखी का विझत होती, हे आधी सांगतो. सिगारेटचा कागद जळत राहावा असाच बनवलेला असतो. ओढली नाही तरी ती संपत जाते. बिडीत मात्र तंबाखूचा चुरा टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेला असतो. सातपुड्यातली माणसं उन्हाळ्यात गोळा करतात ते तेंदूपान हेच. पान जाड असतं, त्याला छिद्रं नसतात, ते मनानं जळत नाही. बिडी पेटती ठेवायची तर वरचेवर आणि जोरानं ओढावी लागते. त्यामुळं धूर छातीत खोल जातो, आणि आकारानं एवढीशी असली तरी तिच्यातून निघणारं निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं. मोजमापांत ते बहुधा जास्तच भरतं. ‘बिडी हलकी’ हा समज खेड्यात फार पक्का आहे, आणि तो पुरता चुकीचा आहे.

रुग्णालयातच एवढी सक्ती का, असं अनेक जण विचारतात. रस्त्यावर, शेतात, घरी ओढतात ते चालतं, मग इथंच का नाही? याची काही उत्तरं जगात सगळीकडं सारखी आहेत, काही खास नंदुरबारची.

पहिलं उत्तर ऑक्सिजनचं. हा जिल्हा ऑक्सिजनसाठी देशभर गाजला. कोविडच्या पहिल्या लाटेतच तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभे करायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा नंदुरबारचं नाव उदाहरण म्हणून घेतलं जात होतं. स्वतःचा प्राणवायू स्वतः तयार करणाऱ्या जिल्ह्यात आगीचा विचार सगळ्यांत आधी व्हायला हवा. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. ज्या खाटेवर नळीतून ऑक्सिजन चालू असतो तिथं तो प्रमाणापेक्षा जास्त साठतो. चादरीत, सदऱ्यात, केसांत काही वेळ टिकून राहतो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्यात भिजलेली चादर एका ठिणगीनं भडकते. खाटेजवळ ‘एकच झुरका’ मारणाऱ्याला हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तिथं तंबाखूचा काही संबंध नव्हता. पण त्यानंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात उघडी काडी पेटवणं ही क्षुल्लक गोष्ट राहिलेली नाही.

दुसरं उत्तर रक्तातलं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याला आई-वडील दोघांकडून हा दोष आला त्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फोडून निघाल्यासारख्या वेदना होतात. अशा मुलाच्या फुप्फुसात संसर्ग झाला किंवा फुप्फुस चिडलं तर छातीचा अचानक उद्भवणारा गंभीर त्रास जिवावर बेततो. डॉक्टर या रुग्णांना स्वतः ओढू नका एवढंच सांगत नाहीत. ओढणाऱ्याच्या शेजारीही बसू नका म्हणून बजावतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्याच्या तपासण्या, समुपदेशन, कार्डं सगळं चालू राहील. पण सिकलसेलचं मूल बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तासभर उभं असताना त्याच्या मागं कुणी बिडी ओढत असेल, तर अभियान त्या रांगेतच थोडं हरतं.

बाकीची कारणं थोडक्यात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दुपटीहून अधिक असतो, आणि नंदुरबारला क्षय नवा नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला रक्त आणि प्राणवायू लागतो. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवून बसतो. चार आठवडे आधी सोडलं तर जखमेचा धोका बराच उतरतो. एका दिवसात सोडल्याचाही फायदा असतो, कारण कार्बन मोनॉक्साइड बारा ते चोवीस तासांत रक्तातून निघून जातो. म्हणजे ‘उद्या ऑपरेशन आहे, आजची रात्र ओढू नका’ या सांगण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

आता कायद्याकडं येऊ. याची सुरुवात मुंबईच्या एका माणसानं केली. दक्षिण मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयानं देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला. त्या यादीत रुग्णालयांच्या इमारती, आरोग्य संस्था, शिक्षण संस्था, ग्रंथालयं, न्यायालयं, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं होती. ओढणाऱ्याचा धूर न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर अतिक्रमण करतो, हा त्यामागचा विचार. २००३ साली संसदेनं सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानबंदीचे कडक नियम लागू झाले. प्रवेशद्वारापाशी ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी हवी. आवारात राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचं नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. पाटीवर तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव हवं. तक्रार येऊनही त्या जबाबदार माणसानं काही केलं नाही तर दंड त्यालाही. मोठ्या हॉटेलांना आणि विमानतळांना वेगळी धूम्रपान खोली ठेवायची मुभा आहे. रुग्णालयाला ती नाही.

हे सगळं चांगलं आहे, पण मूळ कायद्यातली ‘सार्वजनिक ठिकाणा’ची व्याख्या मोकळी जागा वगळते. २००८ च्या नियमांनी स्टेडियम, रेल्वे स्थानक, बस थांबा अशी लोकांची ये-जा असलेली मोकळी ठिकाणं बंदीत आणली; तरी रुग्णालयाच्या झाडाखालचा पार, वाहनतळ, शवागारामागची भिंत, वसतिगृहाची गच्ची यांवर वाद घालायला जागा राहतेच. ती जागा धोरण बुजवतं. आवाराचं धोरण म्हणजे संस्थेनं स्वतःहून काढलेली रेघ: कुंपणाच्या आत, छताखाली असो वा झाडाखाली, इथं नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इमारतीतल्या बंदीची अट घातली, आणि त्यानंतर हळूहळू तिथली रुग्णालयं इमारतीकडून आख्ख्या आवाराकडं सरकली. मध्ये बरीच वर्षं गेली, कारण दरवेळी धूर दारातून बाहेर पडून दारासमोरच थांबायचा, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून यावं लागायचं.

नंदुरबारच्या हातात मात्र कायद्याचं एक जास्तीचं कलम आहे. शिक्षण संस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायला बंदी आहे. हे अंतर फाटकापासून नाही, तर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी मोजायचं असतं. रुग्णालय नुसतं रुग्णालय असताना हे कलम त्याच्या दाराला लागू होत नव्हतं. महाविद्यालय आलं आणि रेघ आपोआप आली. तिथल्या टपऱ्या उचलायचा विषय निघाला की लोक म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. मला हे म्हणणं कळतं. पण त्या टपरीवर चहा, बिस्किटं, केळी, पाण्याची बाटली, साबण, बाळाचं टोपडं, मोबाइलचा रिचार्ज असं बरंच काही विकता येतं, आणि रुग्णालयासमोर त्याला गिऱ्हाईक जास्त असतं. टपरी राहू द्या, तिच्यावरच्या माळा उतरवा. त्यासाठी महाविद्यालयानं नगरपालिकेशी आणि टपरीवाल्यांशी बसून बोलावं लागेल. एका सकाळी गाडी आणून टपरी उचलली की संध्याकाळी ती पुन्हा उभी राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

इथपर्यंत धुराचं झालं. पण माझी खरी अडचण पुढं आहे.

२०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखू सेवनाचं सर्वेक्षण झालं. महाराष्ट्रात शंभरातले साधारण २७ प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे शंभर प्रौढांत चारसुद्धा नव्हते: ३.८ टक्के. धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू मुख्यतः गालात आणि ओठामागं असते. दुसऱ्या देशातलं धूरमुक्त रुग्णालयाचं धोरण जसंच्या तसं उचललं, तर ते आपल्यातल्या मोठ्या संख्येला शिवतही नाही. पाटीखाली उभा राहून माणूस तंबाखू मळतो, आणि त्याचं खरंच काही चुकत नाही. पाटी धुराबद्दल आहे.

मळण्यातलं रसायन समजून घेण्यासारखं आहे. तळहातावर तंबाखू, त्यावर नखानं चुना, अंगठ्यानं रगडणं, मग दोन टाळ्या आणि चिमूट ओठामागं. चुना चवीसाठी असतो असं पुष्कळांना वाटतं. खरं काम वेगळं आहे. तंबाखूतलं निकोटिन आम्लात अडकून राहतं आणि गालाच्या आतल्या नाजूक पापुद्र्यातून पार जात नाही. चुन्यानं मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिन सुटं होतं आणि थेट रक्तात उतरतं. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय आपल्या आजोबा-पणजोबांनी हे शोधून काढलं होतं. त्याची किंमत तोंड देतं. त्यात सुपारी असेल तर आणखी. सुपारीनं गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. दंतवैद्य तपासताना रुग्णाला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगतात. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर काळजी. एक गेलं तर भूलतज्ज्ञ घाबरतो. कारण ऑपरेशनच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालायला तोंड उघडावं लागतं. अपघातात आलेला पंचवीस वर्षांचा पोरगा टेबलावर आहे आणि त्याचं तोंड दोन बोटांपुढं उघडत नाही, ही वेळ सरकारी रुग्णालयांतल्या भूलतज्ज्ञांच्या ओळखीची आहे.

आणि बायका. बिडी बायका कमी ओढतात म्हणून धूरमुक्तीच्या चर्चेत त्यांचं नावही येत नाही. पण भाजलेल्या तंबाखूची मशेरी सकाळी दात घासायच्या निमित्तानं तोंडात जाते, आणि दिवसातून चार वेळा दात ‘घासले’ जातात. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती, आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. मुंबईतल्या धडधाकट बाळाला १०५ ग्रॅम कदाचित जाणवणार नाहीत. कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत असलेल्या अक्कलकुवा-धडगावात मात्र बाळाचं वजन ठरावीक आकड्याच्या अलीकडं की पलीकडं, यावर त्याला विशेष कक्षात ठेवायचं की आईजवळ, हे ठरतं. तिथं १०५ ग्रॅम म्हणजे फार झाले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नंदुरबारच्या वैद्यकीय आवाराचं धोरण ‘धूरमुक्त’ नको, ‘तंबाखूमुक्त’ हवं. त्यात बिडी, सिगारेट, गुटखा, मळलेली तंबाखू, मशेरी सगळं यावं. गुटखा तर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून विकायलाच बंदी आहे, शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातही आहे. तरी सीमेवर गाड्या पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत आणि जिन्यांचे कोपरे लाल व्हायचे थांबत नाहीत. कोविडच्या काळात राज्यानं सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याला पहिल्या खेपेस १००० रुपये दंड आणि एक दिवस सार्वजनिक सेवा ठरवली होती. कोपरे तेव्हाही लाल होते. ते कोपरे रोज पहाटे कोण घासतं, हा प्रश्न धोरणाच्या बैठकीत कुणी विचारत नाही. सफाई कामगार बाईंना त्या बैठकीत खुर्ची द्यावी. कोणत्या जिन्यात, कोणत्या मजल्यावर, दिवसाच्या कोणत्या वेळी काय पडलेलं असतं, याचं त्यांच्याइतकं पक्कं ज्ञान दुसऱ्या कुणाकडं नाही.

आणि सुरुवात डॉक्टरांपासून व्हावी. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांचा माग पुढं पन्नास वर्षं ठेवला गेला. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळजवळ सगळी वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहाएक. या अभ्यासाचा एक परिणाम असा झाला की आपल्याच व्यवसायातल्या मृत्यूंचे आकडे वाचून ब्रिटिश डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सुरुवात केली, आणि समाज त्यांच्या मागून आला. आपल्याकडं सवय लागते ती बऱ्याचदा वसतिगृहात, परीक्षेच्या आणि रात्रपाळीच्या दिवसांत. पहिल्या वर्षाच्या मुलाला प्रवेशाच्या दिवशीच कळायला हवं की हे आवार कसं आहे. निवासी डॉक्टर गच्चीवर आणि रुग्णाचा बाप जिन्यात, दोघं एकाच वेळी ओढत असतील आणि दंड फक्त बापाला होत असेल, तर धोरण त्याच दिवशी संपलं.

बापाचं काय करायचं? कायद्यानं रुग्णालयाच्या प्रमुखाला दंड वसूल करता येतो. पण ज्याच्या कनवटीला परतीच्या भाड्याचे पैसे आहेत त्याच्याकडून २०० रुपये घेणं म्हणजे त्याला आणखी एक रात्र झाडाखाली ठेवणं. दंड असावा, तो कर्मचाऱ्यांना आधी, पुन्हापुन्हा तेच करणाऱ्याला नंतर. नातेवाइकासाठी फाटकापाशी एक फळी असावी. चपला ठेवायची असते तशी खणांची, नंबर लावलेली. बंडल, पुडी, काडेपेटी तिथं ठेवायची, नंबराची चकती घ्यायची, जाताना परत न्यायची. जप्त करून कचऱ्यात टाकू नये. ती त्याच्या पैशाची वस्तू आहे, आणि वस्तू हिसकावून घेणारा माणूस पुढं जे सांगतो ते कुणी ऐकत नाही. फळीजवळ बसणारा माणूस पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणारा हवा. त्यानं हातातली पाटी वाचून न दाखवता एवढंच सांगावं: आत हवेची नळी लावलेली माणसं आहेत, आग लागेल; आत लहान बाळं आहेत.

एवढ्यानं तलफ जात नाही. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणून नेमानं घेणारा दोन-तीन तासांत अस्वस्थ होतो. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट: चिडचिड, डोकं जड, झोप उडालेली. पण तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. ती निघून जाते, ओढलं तरी आणि नाही ओढलं तरी. हे माहीत असलेला माणूस ती काढू शकतो. निकोटिनचा गम इथं उपयोगी पडतो. तो चघळत राहायचा नसतो. दोन-चार वेळा चावून जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा असतो, पुन्हा चावायचा, पुन्हा ठेवायचा. शहरातल्या सिगारेट ओढणाऱ्याला हे शिकवावं लागतं. सातपुड्यातल्या माणसाला गालात ठेवणं शिकवायची गरज नाही.

राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो, आणि शहरातल्या तरुणाला त्याचा उपयोग होतो. झाडाखालच्या आजोबांना माणूस लागतो. डॉक्टरनं दोन मिनिटं थांबून ‘तंबाखू घेता का? सोडायला हवी, आम्ही मदत करतो’ एवढं म्हटलं तरी, जगभरच्या अभ्यासांनुसार, शंभरात एक ते तीन माणसं जास्तीची सोडतात. आकडा छोटा वाटतो. पण जिल्हा रुग्णालयाच्या दारातून वर्षभरात किती माणसं जातात त्याचा हिशेब मनात केला की तो छोटा राहत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता अभ्यासक्रमातच गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्याकडं जायचं असतं. वही काढून रक्तदाब लिहिताना त्याच पानावर तंबाखूचा रकाना असला, आणि पुढच्या भेटीत तोच विद्यार्थी ‘आजी, मशेरी किती वेळा?’ असं विचारणार असेल, तर आवाराची रेघ पाड्यापर्यंत पोचते.

गडचिरोलीनं हे मोठ्या पटावर करून पाहिलं आहे. तिथं २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय बंग यांची सर्च ही संस्था यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ चालवलं. तंबाखू आणि दारू दोन्हींसाठी गावागावात लोकांचे गट, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन सोडवण्याचे दवाखाने, शाळा आणि कार्यालयं तंबाखूमुक्त करण्याचे प्रयत्न. जंगल, आदिवासी वस्त्या, सीमेवरून येणारा माल, सगळं नंदुरबारसारखं. तिथल्या अनुभवातून मला एक गोष्ट घेण्यासारखी वाटते: गावानं स्वतः ठरवलं की बंदी टिकते, आणि सोडू बघणाऱ्याला तालुक्यात जायला एक दार असलं की ठरवणं सोपं होतं. आवाराच्या बाबतीत ‘गाव’ म्हणजे आवारातली सगळी माणसं. परिचारिकांची, चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची, विद्यार्थ्यांची, टपरीवाल्यांची आणि मुक्कामी नातेवाइकांची एखादी बैठक पत्रकाच्या आधी झाली तर पत्रक कमी शब्दांत लिहिता येईल.

आणि वाट बघण्याची जागा. धोरणात हिचा उल्लेख मी कुठंही वाचला नाही, पण माझ्या मते ती पाटीपेक्षा महत्त्वाची आहे. बसायला बाक, प्यायला पाणी, रात्री दिवा, आणि दर दोन तासांनी बाहेर येऊन ‘अमक्याची माणसं कोण?’ असं विचारून आतली खबर सांगणारी एक व्यक्ती. हात रिकामे आणि डोक्यात काळजी असली की हात पिशवीकडं जातो. त्याला खबर मिळाली तर तो हात काही वेळ तरी थांबतो.

त्या रात्री जिन्यात तेच झालं. पहाटे चारच्या सुमाराला सिस्टर बाहेर आल्या, हातात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ. नाव पुकारलं. बाबा उठले, कानामागची अर्धी बिडी काढली, कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि ती शेजारी बसलेल्या माझ्या हातात दिली. मग दोन्ही तळहात धोतराला नीट पुसले, एकदा, दोनदा, आणि पुढं केले.

“वजन किती?” त्यांनी विचारलं.

“दोन किलो दोनशे,” सिस्टर म्हणाल्या. “धरा नीट.”

बिडी विझलेलीच होती. ती बराच वेळ माझ्या मुठीत राहिली.